मेडशी मुक्कामी गुप्तधन कसे शोधावे

सदर सूचना दिवाळीच्या सुट्टीत पुणे, बंगळुरू, न्यू जर्सी किंवा तत्सम ठिकाणाहून मेडशी (तालुका मालेगाव, जिल्हा वाशीम) येथे मामाकडे आलेल्या आणि भाऊबीज उरकताच करमेनासे झालेल्या सज्ञान व्यक्तींसाठी आहेत. ज्यांना करमते आहे त्यांनी ओसरीवर पडून चिवडा खावा. त्यांच्यासाठी शासनाने किंवा आम्ही काहीही योजलेले नाही.

करमणुकीच्या प्रकाराचे नाव जिओकॅशिंग. कुणी एक इसम एक डबा कुठेतरी लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जगजाहीर करतो. दुसरा इसम मोबाइल हातात धरून तिथे जातो, डबा हुडकतो, आतल्या वहीत सही करतो, डबा होता तसा ठेवतो आणि घरी परततो. डब्यात धन नसते. असले तर प्लास्टिकचा बेडूक, परदेशी नाणे, चावीची साखळी. नियम असा की एखादी वस्तू घेतली तर तितक्याच किंवा जास्त मोलाची वस्तू आत ठेवावी. हे मामांना समजावून सांगण्याचा प्रयत्न करू नये. "मंग भेटते काय?" या त्यांच्या प्रश्नाला पंचवीस वर्षांत कुणालाही उत्तर देता आलेले नाही.

पंचवीस वर्षे अशी, की २००० सालच्या मे महिन्यापर्यंत अमेरिकन सरकार जीपीएसच्या नागरी संदेशात मुद्दाम चूक मिसळत असे. त्यामुळे सामान्य माणसाचे यंत्र शंभर मीटरपर्यंत चुकायचे. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी ती भेसळ बंद केली आणि लगेच ३ मे रोजी डेव्ह उल्मर या गृहस्थांनी ओरेगन राज्यातल्या बीव्हरक्रीकजवळच्या जंगलात एक काळी बादली ठेवून तिचा पत्ता जाहीर केला. बादलीत पुस्तके, चित्रफिती, एक गलोल आणि डबाबंद घेवडा होता. आज असे तीस लाखांहून अधिक डबे जगभर आहेत. २००८ साली तर आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातल्या एका कपाटाची नोंद या खेळातला डबा म्हणून झाली. थोडक्यात, जिथे पोचायला अग्निबाण लागतो तिथेही माणसाला सही करायची हौस आहे. मेडशीला तर अकोल्याहून एसटी येते.

घरातून निघणे

या खेळात प्रत्येक डब्याला दोन बाबतींत एक ते पाच तारे देतात. शोधायला किती अवघड ही एक बाब, वाट किती बिकट ही दुसरी. मामाच्या ओसरीपासून फाटकापर्यंतच्या वाटेला किती तारे द्यावेत, याचा विचार ही पद्धत ठरवणाऱ्यांनी केलेला नाही. ते बहुधा स्वतःच्याच घरी राहत असावेत.

परदेशी पुस्तकी सल्ला असा की पहाटे निघावे, म्हणजे वाटेत माणसे नसतात. मेडशीत पहाटे निघू नये. आजी तुमच्या आधी उठलेली असते. "कुठी चाल्ला रे एवढ्या पायटी?" या प्रश्नाला "डबा शोधायला" असे खरे उत्तर दिल्यास अनर्थ ओढवतो. पहाट, गावाबाहेर आणि डबा हे तीन शब्द एकत्र आले की कोणत्याही गावात त्यांचा एकच अर्थ होतो. घरात टाइल्स लावलेला संडास असताना पाहुण्याने बाहेर जावे याचे मामांना मनापासून वाईट वाटते. शिवाय एके काळी अशा उघड्यावर जाणाऱ्यांना गाठायला 'गुड मॉर्निंग पथके' फिरायची आणि गुलाबाचे फूल देऊन लाजवायची. ती आठवण ताजी असलेली माणसे गावात आहेत. हातात मोबाइल धरून झुडपामागे वाकलेला भाचा त्यांच्या नजरेस पडणे कुटुंबाच्या हिताचे नाही.

तेव्हा पोहे खाऊन, उजेडात, सगळ्यांदेखत निघावे. कारण काय सांगावे? "फिरायला" म्हटले तर मामा चपला घालतात. "मित्राकडे" म्हटले तर मित्र कोणाचा कोण, त्याचे आजोबा कोणत्या वाड्यातले, त्यांची सोयरीक कुठली, इथपर्यंत चौकशी जाते आणि तेवढ्यात जेवणाची वेळ होते. एकच कारण खात्रीचे आहे, "शेत पाहून येतो." हे ऐकताच मामांच्या चेहऱ्यावर, शहरात जाऊनही पोराला मातीची ओढ आहे, असा भाव उमटतो. तो भाव खरा समजून लगेच पुढे व्हावे. ते सोबत अकरावीतला मामेभाऊ देतील. नको म्हणू नये. त्याचा उपयोग पुढे सांगितला आहे.

पोशाखात अर्धी चड्डी, उन्हाची जाळीदार टोपी आणि गळ्यात लटकणारे काहीही वर्ज्य. डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळावा. कार्तिकातही वऱ्हाडातले ऊन सासुरवाडीच्या आग्रहासारखे असते, टाळता येत नाही आणि तक्रारही करता येत नाही. दुपट्ट्याने डोके वाचते आणि लांबून माणूस निम्मा गावातला वाटतो. जवळून वाटत नाही, पण त्याला इलाज नाही.

ठिपका नसल्यास

खेळाचा नकाशा उघडावा. मेडशीत हिरवा ठिपका असेल तर हे प्रकरण सोडून द्यावे. नसेल तर आपणच डबा लपवावा आणि पुढच्या सुट्टीत दुसऱ्या भाच्याला शोधू द्यावा, हा परोपकाराचा मार्ग उरतो. मात्र त्यात अडचणी आहेत.

पहिली अशी की खेळ चालवणाऱ्यांच्या नियमांत सुट्टीवर गेलेल्या माणसाने परगावी लपवलेला डबा सहसा मंजूर होत नाही. डबा ओला झाला, फुटला, वही भरली, तर बघणार कोण, असा त्यांचा रास्त सवाल असतो. त्यासाठी गावातच राहणारा राखणदार दाखवावा लागतो. (मामेभाऊ.) दुसरी अशी की डबा पुरण्यासाठी परवानगीवाचून खड्डा खणता येत नाही. तिसरी, आत खाण्याची वस्तू चालत नाही, कारण वासाने जनावरे येतात. तेव्हा मामीने पिशवीत भरून दिलेल्या अनारशांची विल्हेवाट डब्यात लावण्याचा विचार सोडून द्यावा. चौथी, ज्याची जमीन त्याची परवानगी हवी. पाचवी, दोन डब्यांत निदान १६१ मीटर अंतर हवे. आता मेडशीवरून जाणाऱ्या, अकोल्याहून निघून तेलंगणात संगारेड्डीला पोचणाऱ्या राष्ट्रीय महामार्गाचा क्रमांकही १६१ आहे. हा योगायोग मामांना जरूर सांगावा. ते पुढचे तीन दिवस भेटेल त्याला सांगतील आणि तुमच्या खेळाला गावात पहिल्यांदा काही वजन येईल.

डबा कसला घ्यावा? परदेशात लष्करी काडतुसांच्या जुन्या पेट्या फार लोकप्रिय आहेत, हिरव्या, लोखंडी, पाणी न शिरणाऱ्या. ही कल्पना मनातूनही काढून टाकावी. इंग्लंडमधल्या वेदरबी गावात २०११ साली एका कॉफीच्या दुकानाबाहेर कुणी तरी या खेळातला साधा डबा ठेवताना दिसला, तेव्हा बॉम्बपथकाने येऊन प्लास्टिकचा तो निरुपद्रवी डबा उडवून दिला. वेदरबीची ही कथा, तर आपल्याकडे प्रत्येक एसटी स्थानकावर बेवारस वस्तूला हात लावू नका असे दिवसभर बजावले जाते. हा सगळा खेळच मुळी बेवारस वस्तूला हात लावण्याचा आहे. म्हणून बसस्टँड, शाळा, पंचायतीची इमारत आणि बँक या चार ठिकाणांकडे फिरकू नये. देवळे टाळावीत. पातूरची लेणी जवळ आहेत, पण ती संरक्षित आहेत. तालुक्यातल्या शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांचे मंदिर आहे. तिथला दिगंबर-श्वेतांबर वाद इंग्रजांच्या काळात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि पुढे १९८१ पासून २०२३ पर्यंत मंदिराला कुलूप होते. एक कुलूप निघायला चार दशके लागली, त्या गावात आपण आणखी एक बंद झाकण नेऊ नये.

आमच्या मते मेडशीसाठी आदर्श डबा म्हणजे चुन्याची डबी. ती खिशात मावते, पारावरच्या फटीत बसते आणि तिच्याकडे कुणी दुसऱ्यांदा पाहत नाही. तिचा दोष एवढाच की कुणी तरी पहिल्यांदा पाहतो आणि उघडून बोट घालतो.

यंत्राबाबत

घाटात नेटवर्क जाते, म्हणून खेळ थांबतो असा समज आहे. तो चुकीचा. जीपीएसला टॉवर लागत नाही, उघडे आकाश लागते. नेटवर्क लागते ते नकाशाला. तेव्हा नकाशा घरीच उतरवून घ्यावा. या खेळात जागा अंश आणि मिनिटांत सांगतात, मिनिटाच्या हजाराव्या भागापर्यंत. अक्षांशाच्या मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे साधारण १.८५ मीटर, म्हणजे बाजेची लांबी. सोयाबीन निघालेल्या मोकळ्या वावरात फोन तुम्हाला तीन ते पाच मीटरपर्यंत नेऊन सोडतो. पातूरकडच्या जंगलात, सागाखाली किंवा दरडीच्या कडेला, काटा नाचू लागतो. नाचू द्यावा. तिथे फोन खिशात ठेवून माणसाने डबा कुठे लपवला असता याचा विचार करावा.

धुऱ्यावरून जाताना तारेला हात लावू नये. रोही आणि रानडुकरे आवरण्यासाठी लावलेले ते झटका मशीन आहे. त्याला पाहुणा कोण आणि डुक्कर कोण हे कळत नाही.

लोक भेटल्यास

'भेटल्यास' हा शब्द केवळ पद्धत म्हणून घातला आहे. लोक भेटतातच. किंबहुना डबा एकवेळ भेटणार नाही, लोक भेटतील. हा खेळ उभा आहे तो एकाच गृहीतावर, की आजूबाजूच्या माणसाला तुमच्याशी काही देणेघेणे नाही. न्यू जर्सीच्या बागेत तुम्ही बाकाखाली डोके घालून वीस मिनिटे बसलात तरी बाजूने पळणारा माणूस पळतच राहतो. मेडशीत तुम्ही दगड उचलण्यासाठी वाकलात की पाठीमागून आवाज येतो,

"काय हारपलं बाप्पा?"

"काही नाही काका, सहज."

"सहज काऊन कोनी गोटे उलटून पाह्यते?"

येथून पुढे तीन शक्यता आहेत.

पहिली, तुम्हाला मोजणीवाला समजणे. फोन, शेत आणि बाहेरचा माणूस हे तिन्ही एकत्र दिसले की इथे एकच अर्थ निघतो, जमीन चालली. त्यात लोकांची चूक नाही. अकोला–मेडशी आणि मेडशी–वाशीम अशी महामार्गाच्या चौपदरीकरणाची दोन कामे या गावाच्या नावाने निघाली आणि समृद्धी महामार्ग याच मालेगाव तालुक्यातून गेला. "आमचं किती फूट जाऊन राह्यलं?" असे विचारणाऱ्याला तुम्ही "काहीच नाही, मी फक्त डबा शोधतोय" म्हणालात तर त्याला खात्री पटते की बरेच जाऊन राहिले आहे. साहेब लोक खरे सांगत नाहीत. पाचव्या मिनिटाला दुसरा येतो आणि त्याचे जाऊन का राहिले नाही म्हणून तक्रार करतो, कारण मोबदला.

मोजणारा माणूस पाहून घाबरण्याची विदर्भाला जुनी सवय आहे आणि तिला कारणही आहे. १८०२ साली मद्रासजवळ सुरू झालेली देशाची त्रिकोणमितीय मोजणी विल्यम लॅम्टन दक्षिणेकडून वर आणत होता. अर्ध्या टनाचा थिओडोलाइट, झेंडे, टेकड्यांवर मुक्काम. दुर्बिणीतून आपल्या घरातल्या बायका दिसतात असा संशय लोक घेत. लॅम्टन २० जानेवारी १८२३ रोजी काम अर्धवट टाकून इथेच, हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथे आहे. अक्षांश-रेखांशांच्या नादात वऱ्हाड-विदर्भात फिरणाऱ्याने हा पूर्वेतिहास ध्यानात ठेवावा.

दुसरी शक्यता, ई-पीक पाहणी. २०२१ पासून महाराष्ट्राचा शेतकरी स्वतःच्या गटात उभा राहून, फोन वर धरून, जागा जुळेपर्यंत चार पावले मागे, दोन पुढे करत पिकाचा फोटो चढवतो आहे. नीट पाहिले तर हाच तुमचा खेळ, फक्त शेवटी डब्याऐवजी 'सर्व्हर व्यस्त आहे' असे मिळते. त्यामुळे "पाहणी करतोय" हे उत्तर पुष्कळदा खपून जाते. मात्र महिना कोणता ते पाहावे. "खरिपाची पाहनी त मांगंच झाली" असे कुणी म्हणालेच तर तूर बघतो आहे असे सांगून तुरीत शिरावे. तूर या दिवसांत डोक्याएवढी असते आणि तुम्हाला पूर्ण झाकते.

तिसरी शक्यता गंभीर आहे, गुप्तधन. हातातल्या यंत्राकडे बघत, ठरावीक जागी थांबून, दगड सरकवणारा आणि काही नाही म्हणणारा माणूस म्हणजे दुसरे काय? या भागातल्या कुठल्याही पारावर बसा, कोणाच्या तरी पडक्या वाड्यातल्या हंड्याची गोष्ट निघतेच. पायाळू माणसाला जमिनीखालचे धन दिसते, मांडुळाने ते सापडते, वीस नखांचे कासव लागते, असल्या समजुतींपायी माणसे आजही लुबाडली जातात. मांडूळ पकडणे वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे आणि गुप्तधनाच्या नावाखाली चालणारे अघोरी प्रकार २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात येतात. तेव्हा आपण पायाळू आहोत हे, असल्यास, सांगू नये. लिंबू खिशात ठेवू नये, मग ते सरबताचे का असेना. अमावास्येला खेळ बंद ठेवावा.

कायद्याचेच निघाले म्हणून सांगतो, भारतात १८७८ चा एक निखात निधी कायदा अजून जिवंत आहे. जमिनीत लपलेला दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तर त्याची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. तुमचा डबा जमिनीवर असतो, म्हणून हा कायदा बहुधा लागत नाही. तरीही आत दहा रुपयांच्या वर काही ठेवू नये. वाशीमच्या कलेक्टर कचेरीत प्लास्टिकच्या बेडकाचे मूल्यांकन चालू आहे, हे दृश्य कोणत्याही कारकुनाला परवडणारे नाही.

वरील तिन्ही संकटांवर उपाय एकच, आणि तो खेळाच्या पुस्तकात नाही. सगळ्यांना सांगून टाकावे. सकाळीच पानटपरीवर उभे राहून मोठ्याने जाहीर करावे की असा असा डबा आहे, त्यात काही नाही, आणि तो मी शोधणार आहे. अर्ध्या तासात सहा माणसे, दोन बकऱ्या आणि एक निवृत्त गुरुजी सोबत येतात. गुरुजी फोन काढून घेतात आणि रेखांश म्हणजे काय ते सर्वांना समजावतात. वाटेतल्या प्रत्येक घरी चहा होतो. तो नाकारता येत नाही, कारण एका घरी घेतला आणि शेजारी घेतला नाही, हा इतिहास मामांना पुढची दहा वर्षे पुरतो.

डबा आधीच नाहीसा झाला असेल तर अशा वेळी तो सापडण्याचा संभव सर्वाधिक असतो. घोळक्यातली एखादी म्हातारी थोडा वेळ ऐकून घेते आणि म्हणते, "थो निया डबा? थो त आमच्या घरी हाये. झाकन पक्कं लागते त्याचं, म्हनून दोडक्याचं बी ठेवलं."

तिच्या घरी जावे. भांडू नये. वही मागावी. वही शाबूत असते, तिच्यात दुधाचा हिशेब लिहिलेला असतो. त्याच्याखाली तारीख घालून सही करावी. घेतलेल्या वस्तूच्या बदल्यात तितक्याच किंवा जास्त मोलाची वस्तू ठेवावी असा नियम आहे आणि चावीच्या साखळीच्या जागी मूठभर गावरान बी ठेवणाऱ्या बाईने तो नियम जगातल्या बहुतेक खेळाडूंपेक्षा काटेकोर पाळला आहे. डबा तिलाच ठेवू द्यावा आणि दुसरा आणावा. या वेळी झाकण न लागणारा.

ज्यांना इतकी माणसे सोसत नाहीत त्यांच्यासाठी या खेळात 'अर्थकॅश' नावाचा प्रकार आहे. त्यात डबाच नसतो. भूगर्भाच्या दृष्टीने नवलाच्या जागी जायचे, निरीक्षण करायचे आणि प्रश्नांची उत्तरे पाठवायची. मालेगाव-मेहकरमार्गे लोणार एका दिवसात होते. बेसॉल्ट खडकात उल्केने पाडलेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर कुणी घरी नेऊन त्यात बी ठेवू शकत नाही. मात्र लोणारला जातो म्हटले की मामा गाडी सांगतात, मामी रोडगे बांधते आणि आणखी आठ जण निघतात.

शेवटची सूचना राखणदाराबाबत. सुट्टी संपवून निघताना डब्याची जबाबदारी मामेभावावर सोपवावी. दर पावसाळ्यानंतर वही सुकवणे, डबी बदलणे आणि कोणी मोजणीचे विचारल्यास "दादाचा खेळ हाये" असे सांगणे एवढे त्याचे काम. हे तो फुकट करील अशी अपेक्षा ठेवू नये. त्याच्या फोनला तीन महिन्यांचे रिचार्ज मारून द्यावे, आणि ते एसटीत बसण्याआधी मारावे. घाटात नेटवर्क नाही.